शिक्का ज्याचा त्याच्यापाशी

आजचा तास एका कोड्याने सुरू करू या.

चिखलीत राहणाऱ्या एका ताईला मुंबईच्या दादाकडे एक गुपित चिठ्ठी पाठवायची आहे. तिने चिठ्ठी पेटीत घातली आणि पेटीला कुलूप लावलं. पण दादाकडे त्या कुलपाची किल्ली कुठे आहे? बरं, किल्ली पेटीसोबत पाठवावी तर रस्त्यात कुणीही पेटी उघडेल. किल्ली वेगळ्या पाकिटातून पाठवावी तर ते पाकीटही कुणाच्या हाती लागू शकतं. मग ताईने करावं तरी काय?

थोडा विचार करा. खालचं लगेच वाचू नका हं!

सुचलं का? ताईने काहीच पाठवायचं नाही. आधी दादानेच आपलं एक उघडं कुलूप ताईकडे पाठवायचं. किल्ली मात्र स्वतःच्या खिशातच ठेवायची. ताई पेटीत चिठ्ठी घालते, दादाचं कुलूप दाबून बसवते आणि पेटी धाडून देते. आता ती पेटी खुद्द ताईलाही उघडता येणार नाही! उघडेल फक्त दादा. कुलूप साऱ्या गावाने पाहिलं तरी बिघडत नाही, कारण किल्ली घराबाहेर पडलेलीच नाही. आहे की नाही गंमत?

कॉम्प्युटरवरून महत्त्वाची फाइल पाठवण्याची सुरक्षित पद्धत याच युक्तीवर उभी आहे. कुणी म्हणेल, "बाई, आम्हाला काय करायच्या फायली?" अरे, तुमची गुणपत्रिका ही फाइल आहे. बाबांचा सातबारा ही फाइल आहे. काही विद्यापीठं तर आता प्रश्नपत्रिकाही परीक्षेच्या थोडा वेळ आधी कॉम्प्युटरवरूनच केंद्रांना पाठवतात. त्या वाटेत चुकीच्या हाती पडल्या तर?

आकड्यांचं कुलूप

कॉम्प्युटरचं कुलूप लोखंडाचं नसतं, ते आकड्यांचं असतं. ९७ गुणिले ८९ किती? वहीवर मांडलंत तर अर्ध्या मिनिटात उत्तर येईल, ८६३३. आता हेच उलट विचारते. समजा, मी फक्त ८६३३ सांगितले आणि म्हटलं, "कोणत्या दोन मूळ संख्यांचा हा गुणाकार?" आता बसा भागत! दोनने जात नाही, तीनने नाही, पाचने नाही, सातने नाही...

जायला सोपी, यायला अवघड अशी ही वाट आहे. अमेरिकेत व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी १९७६ साली असा विचार मांडला की, किल्लीची जोडी करावी, एक सगळ्यांना द्यावी आणि दुसरी कुणालाच देऊ नये. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी मूळ संख्यांच्या गुणाकारातून अशी जोडी बनवून दाखवली. त्यांच्या आडनावांच्या पहिल्या अक्षरांवरून ती पद्धत 'आरएसए' म्हणून ओळखली जाते. आपली संख्या होती चार अंकी. तिथे आज सहाशेहून जास्त अंकी संख्या वापरतात. ती फोडायला बसलं तर आजचे मोठमोठे कॉम्प्युटरही हात टेकतात.

जोडीतली सगळ्यांना द्यायची ती 'सार्वजनिक किल्ली' आणि स्वतःजवळ ठेवायची ती 'खासगी किल्ली'. एवढी दोन नावं लक्षात ठेवा.

दाराशी आलेला तोच कशावरून?

कुलपाचं झालं. आता दुसरा प्रश्न. फाइल ठेवण्याचा मोठा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, दूर कुठेतरी असतो. मी त्याच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "मी अमुक बाई, दार उघड." त्याने कसं ओळखावं? त्याला काही डोळे नाहीत!

यासाठी आपल्याच जिल्ह्याच्या मातीशी नातं असलेल्या एका गोष्टीकडे वळू. सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचं जन्मगाव. त्यांच्या शिवबाने पुढे स्वराज्य उभं केलं. त्या काळी गडागडांवर पत्रं जात. पत्र महाराजांचंच, हे किल्लेदाराने ओळखायचं कसं? पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि मजकूर संपला की तिथे दुसरी, मर्यादेची मुद्रा उमटवत. वरची मुद्रा सांगे, 'पत्र कुणाचं'. खालची सांगे, 'पत्र इथे संपलं'. म्हणजे वाटेत कुणी लबाडाने खाली आणखी एक ओळ घुसडायची सोय नाही! 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजही वापरतो, तो याच व्यवहारातून आला.

आता नीट बघा. शिक्क्याचा ठसा शेकडो पत्रांवर उमटून गावोगाव जात होता. तो सगळ्यांना ओळखीचा होता. शिक्का मात्र ज्याच्या ताब्यात असायचा त्याच्याच ताब्यात राहायचा.

सार्वजनिक किल्ली म्हणजे तो ओळखीचा ठसा आणि खासगी किल्ली म्हणजे शिक्का. सर्व्हरकडे तुमच्या ठशाचा नमुना आधीच ठेवलेला असतो. तुम्ही दाराशी गेलात की एक मजकूर ठरतो आणि त्यावर तुमच्या शिक्क्याची खूण उमटवून द्यावी लागते. तुमचा कॉम्प्युटर ती खूण उमटवतो, सर्व्हर नमुन्याशी ताडून बघतो आणि जुळली तर दार उघडतो. प्रत्येक खेपेला मजकूर नवा असतो. त्यामुळे कुणी कालची खूण चोरून आणली तरी आज ती चालत नाही. लाकडी शिक्क्यापेक्षा आकड्यांचा शिक्का हुशार, तो इथे!

आणि या सगळ्यात शिक्का घराबाहेर गेला का? मुळीच नाही.

परवलीच्या शब्दाची पंचाईत

तुम्ही म्हणाल, पासवर्ड असताना एवढा खटाटोप कशाला? पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. त्याची पंचाईत अशी की, तो दरवेळी दाराशी जाऊन सांगावा लागतो. जी गोष्ट सांगावी लागते, ती तिसऱ्याच्या कानी पडू शकते.

अगदी असंच घडलं होतं. १९९५ साली फिनलंड देशात हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवर चोरून कान लावला आणि येणारे-जाणारे पासवर्ड टिपून घेतले. त्या काळी फाइल पाठवण्याची 'एफटीपी' नावाची पद्धत सर्रास वापरत. तिच्यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जाई. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचावा! तिथल्या तातू इलोनेन या संशोधकाने मनावर घेतलं आणि त्याच वर्षी एक नवी पद्धत लिहून सगळ्यांना वापरायला दिली. तिचं नाव 'एसएसएच', म्हणजे सुरक्षित कवच. कॉम्प्युटरच्या दारांना आपल्या हजेरीपटासारखे क्रमांक असतात. एफटीपीचा क्रमांक २१ होता आणि 'टेलनेट' नावाच्या दुसऱ्या जुन्या पद्धतीचा २३. मधला २२ रिकामा होता, तोच इलोनेन यांनी मागून घेतला. आजही एसएसएचचं नेहमीचं दार २२ नंबरचंच आहे. याच कवचातून फाइल पाठवण्याच्या पद्धतीला 'एसएफटीपी' म्हणतात.

जोडी कशी बनवतात?

तुमची ताई किंवा दादा इंजिनिअरिंगला असेल, शाळेत कॉम्प्युटर लॅब असेल, तर हे मोठ्यांच्या मदतीने समोर बसून पाहता येईल.

पहिली पायरी : आपल्या कॉम्प्युटरला 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा द्यायची. क्षणात दोन फायली तयार होतात. जिच्या नावाच्या शेवटी 'डॉट पब' लागतं ती सार्वजनिक किल्ली, म्हणजे ठशाचा नमुना. दुसरी खासगी, म्हणजे शिक्का.

दुसरी पायरी : शिक्का ठेवायच्या डबीलाही एक कुलूप घालायचं. जोडी बनवतानाच कॉम्प्युटर एक लांबसं गुप्त वाक्य मागतो. ते रिकामं सोडायचं नाही. समजा, उद्या कॉम्प्युटरच चोरीला गेला, तरी डबी लगेच उघडणार नाही.

तिसरी पायरी : 'डॉट पब'वाली फाइल सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे द्यायची. तो ती परवानगी असलेल्या किल्ल्यांच्या यादीत लिहून घेतो. ही फाइल कुणी पाहिली तरी हरकत नाही. दुसरी मागितली तर? मागणारा कितीही मोठा साहेब असो, द्यायची नाही. कारण खरा जाणकार ती कधी मागतच नाही.

चौथी पायरी : पहिल्यांदा जोडणी करताना सर्व्हरही आपली खूण दाखवतो आणि विचारतो, 'ओळखलंत ना?' घाईने 'हो' म्हणू नका. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून ती खूण ताडून बघा. घरमालकाने पाहुण्याला ओळखायचं, तसं पाहुण्यानेही घर बरोबर आहे ना, ते पाहायला हवं की नाही?

पाचवी पायरी : नव्या किल्लीने दार उघडतं, याची खात्री करायची आणि मगच पासवर्डचं जुनं दार बंद करायचं. क्रम चुकला तर आपणच बाहेर आणि सामान आत!

एक साक्षीदार पुरत नाही

मोठ्यांबरोबर कधी बँकेच्या लॉकरखोलीत गेला आहात? तिथे लॉकर एका किल्लीने उघडत नाही. आधी बँकेचा कर्मचारी त्याची किल्ली फिरवतो, मग आपण आपली. दोन्ही लागल्याशिवाय दार हलत नाही. एक किल्ली हरवली तरी दागिने सुरक्षित राहतात.

कॉम्प्युटरवर यालाच दुहेरी पडताळणी म्हणतात. दोन पुरावे द्यायचे आणि तेही दोन वेगळ्या जातींचे. एक 'मला ठाऊक असलेलं', जसा पासवर्ड किंवा पिन. दुसरा 'माझ्याजवळ असलेलं', जसा मोबाइल किंवा किल्लीची फाइल. तिसरी जात 'मी स्वतः', म्हणजे बोटाचा ठसा. दोन पासवर्ड लावले तर ती दुहेरी पडताळणी होत नाही बरं का! चोराने एक वही पळवली तर दोन्ही त्याच वहीत सापडतील.

आपल्या घरात हे केव्हाच आलं आहे. डिजिलॉकरची सुरुवात १ जुलै २०१५ रोजी झाली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आता त्यात मिळतात. तिथे मोबाइलवर ओटीपी येतो आणि शिवाय आपला सहा अंकी पिन द्यावा लागतो. बाजारात भाजी घेताना आई यूपीआयने पैसे देते, तिथेही तेच. मोबाइल तिच्या नंबराशी बांधलेला असतो आणि पिन तिच्या डोक्यात. नुसता मोबाइल चोरून चोराचं भागत नाही.

महत्त्वाच्या सर्व्हरवर शिक्का दाखवल्यावर आणखी एक सहा अंकी आकडा मागतात. मोबाइलमधल्या 'ऑथेंटिकेटर' ॲपमध्ये तो आकडा सहसा दर ३० सेकंदांनी बदलतो. आणि गंमत म्हणजे त्याला रेंज लागत नाही! रेंज नसली तरी आकडा बरोबर येतो. कसा?

सुरुवातीला चौकटी-चौकटींचं क्यूआर चित्र स्कॅन करतात, तेव्हा सर्व्हर आणि मोबाइल या दोघांना मिळून एक गुपित संख्या मिळते. घड्याळ तर दोघांकडे असतंच. समजा, गुपित संख्या ३७ आणि वेळ १० वाजून २५ मिनिटं. १०२५ गुणिले ३७ म्हणजे ३७९२५. शेवटचे तीन अंक ९२५. एक मिनिटाने १०२६ गुणिले ३७ म्हणजे ३७९६२, आता आकडा झाला ९६२. दोघं आपापल्या जागी बसून हिशेब करतात आणि उत्तर एकच येतं. खरा हिशेब याहून पुष्कळ किचकट असतो, म्हणून उत्तरावरून गुपित संख्या शोधता येत नाही.

मोबाइल हरवला तर काय, याचीही सोय असते. सुरुवातीलाच काही राखीव आकडे देतात. ते कागदावर उतरवून घरातल्या कपाटात ठेवायचे. मोबाइलमध्येच फोटो काढून ठेवले तर मोबाइलबरोबर तेही जातील!

कुलूप शाबूत, तरी गुपित बाहेर

आता थोडं मन घट्ट करून एक गोष्ट सांगते. ती आपल्या जिल्ह्याची आहे, म्हणून सांगायलाच हवी.

३ मार्च २०२३, शुक्रवार. बारावीचा गणिताचा पेपर सकाळी ११ वाजता होता. तो सुरू होण्याच्या सुमारे अर्धा तास आधी त्याची काही पानं सिंदखेडराजा तालुक्यातून मोबाइलवर फिरू लागली. विधानसभेत प्रश्न विचारला गेला, पोलिसांत गुन्हा दाखल झाला, तपासाला विशेष पथक नेमलं गेलं आणि ज्यांना अटक झाली त्यांच्यात शिक्षकही होते. वर्षभर पहाटे उठून अभ्यास केलेली हजारो मुलं त्या दिवशी केंद्रांवर प्रामाणिकपणे गणितं सोडवत होती. त्यांचा काय दोष? पण टीव्हीवर जिल्ह्याचं नाव झळकलं, ते या कारणाने.

प्रश्नपत्रिकेला काय कुलूप नसतं? असतं तर! ती सीलबंद पाकिटातून येते, परिरक्षकाच्या ताब्यात राहते, ठरल्या वेळी केंद्रावर पोचवली जाते. वाटेतल्या चोरासाठी हा सगळा बंदोबस्त असतो. पण ज्याच्या हाती विश्वासाने गुपित दिलं, त्यानेच ते उघडं केलं तर कुलूप काय करणार? कागदाच्या पाकिटाला जे लागू, तेच आकड्यांच्या कुलपालाही लागू.

मग एवढी विद्या फुकट म्हणायची का? नाही. दहा जणांत एकच पासवर्ड असेल तर फाइल कुणी उघडली हे कळत नाही. प्रत्येक जण म्हणतो, "मी नव्हतो." आणि तेव्हा नऊ प्रामाणिक माणसांवरही संशय येतो. पण प्रत्येकाचा शिक्का वेगळा असेल तर कोणत्या शिक्क्याने किती वाजता दार उघडलं, याची नोंद सर्व्हरकडे राहते. एकाने नोकरी सोडली तर त्याचा तेवढा ठसा यादीतून खोडता येतो, बाकीच्यांना त्रास नाही. म्हणून किल्ली फक्त दार उघडत नाही. ती तुमचं नाव सांगते. ती दुसऱ्याला देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणं.

तुमच्यापाशीही छोट्या-छोट्या किल्ल्या आहेत. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, आईच्या मोबाइलचा पिन, वर्गाच्या कपाटाची चावी. त्या नीट सांभाळायची सवय आत्ताच लागते, मोठेपणी एकदम लागत नाही.

करून पाहा

१. ८०५१ ही संख्या कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे? आईला किंवा बाबांना घेऊन बसा, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. सापडल्यावर त्याच दोन संख्यांचा गुणाकार करायला किती वेळ लागतो, तेही मोजा. (मोठ्यांसाठी इशारा : ९० चा वर्ग आठवा.)

२. दोन मित्र मिळून एक गुपित संख्या ठरवा. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसा. ठरल्या मिनिटाला घड्याळातल्या वेळेला त्या संख्येने गुणा आणि शेवटचे तीन अंक कागदावर लिहा. मग कागद जुळवा. न जुळल्यास आधी घड्याळं तपासा. खऱ्या ॲपमध्येही घड्याळ चुकलं की आकडा चुकतो.

३. घरातल्या वहीच्या मागच्या पानावर, कपाटाच्या दारावर, मोबाइलच्या कव्हरमध्ये कुठे पिन लिहून ठेवला आहे का, ते शोधा. सापडला तर मोठ्याने वाचू नका! हळूच आईला दाखवा.

पालकांसाठी दोन शब्द

ओटीपी हा आपल्या घराचा शिक्का समजावा. बँक, वीज कंपनी, शाळा किंवा पोलीस यांपैकी कुणीही खरा माणूस तो फोनवर विचारत नाही. विचारला की फोन ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि मुलांनी एखादी चूक येऊन सांगितली तर आधी ऐकून घ्या, मग रागवा. रागाच्या भीतीने लपवलेली गोष्टच पुढे महागात पडते.

बरं तर बालमित्रांनो, ८०५१ चं उत्तर वहीत लिहून ठेवा. उत्तर पुढच्या अंकात. तोवर कुणी शिक्का मागितला तर काय म्हणायचं? "ठसा हवा तेवढा घ्या, शिक्का मिळणार नाही!"

तुमच्या बाई